मिरजकर तिकडचा झाला

आपल्याकडे समारंभांना तोटा नाही. बारशापासून बाराव्यापर्यंत माणूस एका समारंभातून दुसऱ्या समारंभात चालत असतो. मुंज, लग्न, वास्तुशांत, साठी, सहस्रचंद्रदर्शन, आणि मधल्या काळात नव्या मोटारीपुढे फोडलेले नारळ. यांतल्या कोणत्याही कार्याला जाताना काय न्यावे, कोठे बसावे आणि किती वाजता पोचले म्हणजे भाषणे चुकतात पण पंगत चुकत नाही, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. पण २०२५ च्या जानेवारीत मला अशा एका समारंभाचे बोलावणे आले की, त्याला आहेर काय करावा हे आमच्या घरच्या जाणत्या मंडळींनाही सांगता येईना. माझा एक बालमित्र ऑस्ट्रेलियाचा नागरिक होणार होता. मी त्या वेळी मेलबर्नला मुलीकडे गेलो होतो, आणि शपथेला मी समोर असावे असा त्याचा हट्ट होता.

मित्राचे नाव मी येथे सांगत नाही. तो मूळचा मिरजेचा, तेव्हा या लेखापुरते आपण त्याला मिरजकर म्हणू. मिरजेत आम्ही एकाच बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला, आणि २००१ साली तो नोकरीसाठी मेलबर्नला गेला तेव्हा स्टेशनावर पोचवायलाही मीच गेलो होतो. ‘चार वर्षांत परत येतो’ असे तो त्या वेळी म्हणाला होता. परदेशी जाणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आणि बोलताना ते अगदी खरे असते.

बोलावण्यातील तारीख वाचून मी चमकलो. तारीख होती २६ जानेवारी.

“अरे, दुसरा दिवस मिळाला नाही का तुला? भारताचा प्रजासत्ताक दिन, आणि त्याच दिवशी तू भारत सोडणार?”

“दिवस मी ठरवला नाही, नगरपालिकेनं ठरवला,” मिरजकर म्हणाला. “हा त्यांचाही राष्ट्रीय दिवस आहे.”

आणि ते खरेच होते. या एका तारखेवर किती जणांनी आपापली मोहोर उठवली आहे, पाहा. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्रजांनी कैदी भरून आणलेला ताफा आजच्या सिडनीच्या किनाऱ्याला लागला आणि तेथे इंग्रजी झेंडा रोवला गेला. ऑस्ट्रेलिया हा दिवस पाळतो तो त्यासाठी. त्या भूमीचे मूळ रहिवासी पन्नास-साठ हजार वर्षे तेथे नांदत होते. त्यांच्या लेखी हा दिवस घर लुटले गेल्याचा. १९३८ साली, इंग्रजांच्या आगमनाची दीडशे वर्षे साजरी होत असताना, त्यांनी सिडनीत याच तारखेला शोकदिन पाळला. त्याच्या आठच वर्षे आधी, २६ जानेवारी १९३० रोजी, आपल्याकडे गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून आपली घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. आणि गंमत अशी की, ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व ही कायदेशीर वस्तूही २६ जानेवारीलाच जन्मली, साल १९४९. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियात राहणारा माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन असे, ऑस्ट्रेलियन नागरिक असा कोणी नव्हताच. म्हणजे मिरजकर जे नागरिकत्व घेणार होता ते आपल्या प्रजासत्ताकापेक्षा फक्त एका वर्षाने मोठे.

आता तुम्ही विचाराल, की भारत सोडण्याचा प्रश्न आला कोठून? शपथ ऑस्ट्रेलियाची घ्यायची. तीत भारताविषयी अवाक्षर नाही. ऑस्ट्रेलियाचे म्हणणे, आमच्याकडे या, आधीचे नाते ठेवलेत तरी आमची हरकत नाही. हरकत आपली आहे. आपल्या घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम सांगते की, भारतीय माणसाने आपखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपते. त्यासाठी अर्ज नको, सही नको, साक्षीदार नको. नंतर पासपोर्ट आपल्या वकिलातीत नेऊन द्यायचा, तो रद्द झाल्याचा दाखला घ्यायचा, की काम झाले. पुढे हवे तर ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असे भारदस्त नाव असलेले एक कार्ड मिळते. त्यावर जन्मभर येता-जाता येते. पण मत देता येत नाही, निवडणुकीला उभे राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नाव नागरिकाचे, मान पाहुण्याचा.

म्हणूनच मिरजकर चोवीस वर्षे घुटमळत होता. बायकोने दहा वर्षांपूर्वीच नागरिकत्व घेतले, मुले तर तिथलीच. घरात एकटा हा भारतीय पासपोर्टाचा. मी विचारले, “मग आताच काय झालं?”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “२०१९ साली कृष्णेला पूर आला, तेव्हा मी रात्रभर फोनवर पाणी चढताना पाहत होतो. आईला शेजाऱ्यांनी वरच्या मजल्यावर नेलं. मी काय केलं? पैसे पाठवले. २०२२ च्या ऑक्टोबरात इकडे व्हिक्टोरियात पूर आला, तेव्हा मी दोन दिवस वाळूची पोती उचलत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. पाठ धरली तेव्हा लक्षात आलं, की आपण राहतो कुठं ते.”

यावर मी काय बोलणार? ज्याच्या पुरात माणूस पोते उचलतो तो त्याचा गाव, ही व्याख्या कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला बरी वाटली.

शपथेआधी परीक्षा असते. वीस प्रश्न, वेळ पाऊण तास, आणि पास व्हायला पंधरा उत्तरे बरोबर हवीत. २०२० पासून त्यांतले पाच प्रश्न देशाच्या मूल्यांविषयी असतात, आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. भाषणस्वातंत्र्य, स्त्री-पुरुष समानता वगैरे. ही परीक्षा २००७ साली सुरू झाली तेव्हा अभ्यासाच्या पुस्तकात डॉन ब्रॅडमनही होता, आणि त्यावरून तिची पुष्कळ टवाळी झाली. पुढे तो अभ्यासक्रमातून गळाला. मिरजकरला याचे वाईट वाटले. “तेवढा एक मार्क माझा पक्का होता,” असे तो म्हणाला. बाकी वीसपैकी वीस मिळवून पासाचा कागद त्याने आईला फोनवर दाखवला. आई मिरजेतच शाळेत शिक्षिका होत्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, “वेळ उरला होता ना? मग पुन्हा तपासून पाहिलंस का?”

समारंभाचा दिवस उजाडला. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. नगरपालिकेच्या सभागृहात साठ-सत्तर उमेदवार आणि त्यांचे आप्त दाटीने बसले होते. मिरजकर सूट घालून आला होता, त्याची बायको इरकली नेसून आली होती. आमच्या शेजारी एक व्हिएतनामी आजीबाई, पुढच्या रांगेत एक शीख कुटुंब, पलीकडे अफगाण बापलेक. गेली काही वर्षे ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेणाऱ्यांत सर्वांत अधिक माणसे भारतात जन्मलेली असतात, त्यामुळे पगड्या, साड्या आणि ‘अगं, पर्स कुठं ठेवलीस?’ ही हाक यांची उणीव भासली नाही. भिंतीवर राजे चार्ल्स यांची तसबीर होती. तिकडे पाहून मिरजकर हळूच म्हणाला, “पंचाहत्तर वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आपण यांच्या आजोबांना निरोप दिला, आणि मी पुन्हा नातवाच्या तसबिरीखाली येऊन बसलोय.” मात्र शपथ राजाची नसते. १९९४ पर्यंत ती राणीशी आणि तिच्या वारसांशी निष्ठेची होती. त्या वर्षापासून ती देशाशी आणि तेथल्या लोकांशी निष्ठेची झाली.

खुर्चीवर बसल्याबसल्या माझ्या मनात आले, की हेच सभागृह शंभर वर्षांपूर्वी असते तर या साठ-सत्तर जणांतले किती आत आले असते? ऑस्ट्रेलियाचे संघराज्य १९०१ साली झाले, आणि नव्या संसदेने पहिल्याच वर्षी केलेल्या कायद्यांपैकी एक गोऱ्यांखेरीज इतरांना बाहेर ठेवण्यासाठी होता. कायद्यात रंगाचे नाव नव्हते. नको असलेल्या माणसाला पन्नास शब्दांचे शुद्धलेखन घालायचे, तेही कोणत्याही युरोपीय भाषेत. म्हणजे तुम्हाला इंग्रजी येत असेल तर अधिकारी दुसरी भाषा काढी! १९३४ साली एगॉन किश नावाचा लेखक गोरा होता, पण सरकारला त्याची राजकीय मते नको होती. त्याला अनेक भाषा येत. म्हणून त्याला स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेचे शुद्धलेखन घातले. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले, आणि न्यायाधीशांनी ही त्या कायद्यातली युरोपीय भाषाच नव्हे असा निकाल दिला. ही शुद्धलेखनाची परीक्षा १९५८ साली गेली, आणि वर्णभेदाचे धोरण पुरते निघाले ते १९७३ साली.

आधीपासून तेथे असलेल्या मूठभर भारतीयांना राहता येई. पण १९०२ च्या कायद्याने त्यांना संसदेसाठी मत नव्हते. या कथेत पुण्याचाही एक धागा आहे. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची धुरा त्यांच्या मागे श्रीनिवास शास्त्री यांनी वाहिली. ते १९२२ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांत हिंडले. तेथल्या हिंदी लोकांना मत द्या, एवढेच त्यांचे मागणे. ऑस्ट्रेलियात त्याचे फळ १९२५ साली मिळाले, ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मतदानाचा अधिकार मिळाला. मात्र ज्यांची ती भूमी, त्या सर्व मूळ रहिवाशांना संसदेसाठी मत देता येऊ लागले ते १९६२ साली. पाहुणा आधी जेवला आणि यजमान सदतीस वर्षे ताटकळत राहिला.

कार्यक्रमाचा आरंभ त्याच यजमानांच्या स्मरणाने झाला. ही भूमी वुरुंजेरी लोकांची, असे आधी सांगितले गेले. मग मंत्र्यांचा संदेश वाचला गेला. मंत्र्यांचे संदेश सगळ्या देशांत सारखेच असतात, तेव्हा तो मी येथे देत नाही. नंतर नगराध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या आणि उमेदवारांना उठायला सांगितले. शपथ दोन तऱ्हांची असते, एक ईश्वरस्मरणाची, दुसरी त्याविना. आधी पहिल्या गटाने म्हटली, मग दुसऱ्याने. मिरजकर पहिल्या गटात. मी मागाहून मोजली. मूळ इंग्रजीत ती बत्तीस शब्दांची आहे, ईश्वर धरला तर चौतीस. अर्थ असा : यापुढे माझी निष्ठा या देशाशी आणि इथल्या लोकांशी, त्यांची लोकशाहीवरची श्रद्धा ती माझी, त्यांचे हक्क आणि स्वातंत्र्य मी मानीन, आणि त्यांचे कायदे पाळीन. अर्धे मिनिटही लागत नाही.

त्या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट मला दिसली. इतरांना दिसली असली तरी उमगली नसती. नगराध्यक्षीणबाईंनी पहिले शब्द सांगितले आणि मिरजकरचा उजवा हात आपोआप कोपरातून उठून पुढे येऊ लागला. मग भान येऊन त्याने तो खाली घेतला. तो हात मी ओळखला. शाळेच्या पटांगणावर, पुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा म्हणताना, रोज सकाळी माझ्या शेजारी पुढे येणारा तोच हात. ती प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ साली लिहिली. देशभरच्या मुलांच्या दंडांत ती जाऊन बसली आहे. चोवीस वर्षांत मिरजकरचे उच्चार बदलले, चहातली साखर सुटली, पण ‘प्रतिज्ञा’ म्हटले की हात पुढे, हे बदलले नव्हते. नव्या देशाची शपथ घ्यायलाही त्याला जुन्या देशाने शिकवलेलाच हात होता.

मग एकेकाचे नाव पुकारून प्रमाणपत्र आणि एक-एक रोपटे देण्यात आले. तिकडे देशी झाडाचे रोप भेट देण्याची पुष्कळ ठिकाणी चाल आहे. आपल्याकडे नारळ देतात तो फोडून संपतो. हे लावावे लागते, पाणी घालावे लागते, हा विचार मला आवडला. शेवटी राष्ट्रगीत झाले. त्यातला एक शब्द २०२१ च्या पहिल्या तारखेपासून बदलला आहे. स्वतःला ‘तरुण’ म्हणवणारा देश आता ‘एक’ म्हणवतो. कारण पन्नास-साठ हजार वर्षांच्या वस्तीला तरुण म्हणणे शोभत नाही, हे उशिरा का होईना ध्यानात आले. दारापाशी एका टेबलावर मतदारयादीत नाव घालण्याचे फॉर्म ठेवले होते. तिकडे नाव नोंदवणे सक्तीचे आणि मत देणेही १९२४ पासून सक्तीचे; न दिल्यास दंड होतो. मिरजकरने चहा घेण्याआधी तो फॉर्म भरला.

सगळे आटोपून आम्ही घरी आलो. पेढे वहिनींनी घरीच केले होते. चार-साडेचार वाजता मिरजकरने आईंना फोन लावला, तेव्हा मिरजेत सकाळचे साडेदहा-अकरा झाले होते. आई दूरदर्शनवर दिल्लीचे संचलन पाहत होत्या.

“थांब जरा, घोडदळ चाललंय,” त्या म्हणाल्या. आम्ही थांबलो. मग त्यांनी आवाज बारीक केला. “झालं का?”

“झालं.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, “मग त्या चिठ्ठ्यांचं काय करू?”

कसल्या चिठ्ठ्या ते मला कळेना. मिरजकरने सांगितले. त्याचे नाव मिरजेच्या मतदारयादीत अजून होते. परदेशी राहणाऱ्याचे नाव असे राहता कामा नये, हे खरे. २०१० साली कायदा बदलून अशांसाठी वेगळी नोंदणी झाली, पण तीही केली तरी मत द्यायला मिरजेलाच जायचे. याने ती केली नव्हती. पण यादीतले नाव कोणी काढले नाही, आणि दर निवडणुकीला घरी दोन चिठ्ठ्या येत, एक आईंची, एक मुलाची. आपली घेऊन त्या मत देऊन येत, आणि मुलाची पोथीच्या डब्यात ठेवत. लोकसभेच्या पाच आणि विधानसभेच्या पाच. शेवटची नोव्हेंबर २०२४ ची.

“राहू दे, आई. नाव आपोआप निघेल,” मिरजकर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

“आपोआप काही निघत नाही. मी चार निवडणुका केंद्रावर ड्यूटी केली आहे, मला ठाऊक आहे. सात नंबरचा फॉर्म भरून द्यावा लागतो. मी आणवते आणि देते.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “पटावर नाव आणि वर्गात पोर नाही, हे माझ्या वर्गात कधी चाललं नाही. तुझं मात्र चोवीस वर्षं चालवलं. तिकडच्या पटावर नाव घातलंस का?”

“आजच फॉर्म दिला.”

“मग आता तिथं हजर राहा.”

फोन ठेवल्यावर मिरजकर अंगणात गेला आणि बराच वेळ ते रोपटे कोठे लावावे ते पाहत राहिला. आम्ही कोणी त्याच्या मागे गेलो नाही.

वाचकहो, मला त्या दिवशी जे वाटले ते एवढेच. नागरिकत्व मिळण्याचा समारंभ असतो. त्याला सभागृह असते, तसबीर असते, नगराध्यक्ष असतात. नागरिकत्व जाण्याचा समारंभ कोठेच नसतो. कायद्याच्या एका कलमाने ते निमूटपणे जाते, आणि ज्याचे जाते त्यालाही ते नेमके कोणत्या शब्दाला गेले हे कळत नाही. त्यासाठी कोणीतरी घरातलेच माणूस लागते, की जे डबा उघडून दहा चिठ्ठ्या बाहेर काढते, फॉर्म भरते आणि आपल्या हाताने आपल्या मुलाचे नाव कमी करते. त्या बाईंनी मुलाला देशद्रोही म्हटले नाही, की ‘कुठेही राहिलास तरी तू आमचाच’ असा दिलासाही दिला नाही. नाव आहे तेथे हजर राहायचे, एवढेच सांगितले. जन्माने नागरिक झालेल्या आपणा सर्वांना ही शपथ कोणी देत नाही. आपले नाव पटावर आपोआप चढते, आणि हजेरीच्या दिवशी सुटी मिळाली म्हणून आपण महाबळेश्वरला जातो.

मार्चमध्ये आईंनी फॉर्म दिला. ३ मे २०२५ रोजी, शनिवारी, ऑस्ट्रेलियात संसदेची निवडणूक झाली आणि मिरजकरने सत्तावन्नाव्या वर्षी त्या देशात पहिले मत दिले. तिकडे एका नावापुढे शिक्का मारून भागत नाही. कनिष्ठ सभागृहासाठी जेवढे उमेदवार तेवढे आकडे, पसंतीच्या क्रमाने, सगळ्यांपुढे घालावे लागतात. शाळेतल्या केंद्राबाहेर पावात घालून सॉसेज विकत होते, ही तिकडची निवडणुकीची जत्रा. मिरजकरने बिनमांसाचे घेतले. घरी येऊन त्याने आईंना फोन केला, तेव्हा त्यांनी पहिली मागणी केली ती बोट दाखवण्याची.

“इथं शाई लावत नाहीत, आई. खोलीत पेन्सिल ठेवलेली असते. तिनं आकडे घालायचे.”

“पेन्सिल?” आई म्हणाल्या. “अरे, मग मागून कोणी खोडून टाकले म्हणजे?”

मिरजकरने त्यांना पुष्कळ समजावले. पण त्यांचे समाधान झालेले नाही. हा लेख लिहीपर्यंत तरी मिरजेतल्या एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या मतदारीणबाईंना ऑस्ट्रेलियाच्या लोकशाहीचा घोर लागून राहिलेला आहे.